गोड झालेली गोळी

ताई : आधी दार लोट. आईला ऐकू जायला नको. आणि ही गोळी जिभेवर ठेव.

धाकटा : मी? वेड लागलंय का तुला? आईच्या दुखण्याची कडक गोळी आहे ती. कुणीही उठून घ्यायची नसते.

ताई : हे तू सांगतोयस! बरं, मीच सांगते चव. गोड आहे. आईला गिळवत नाही, म्हणून मी चुरून पाण्यातून देते. मागच्या खेपेला मी आले होते तेव्हा कडूजहर लागायची, तोंड वेडंवाकडं करायची ती. काल म्हणाली, "साखर घालतेस का गं हल्ली?"

धाकटा : कंपनी बदलली असेल.

ताई : कंपनी बदलली म्हणून कुणी उशी दातांत धरून रडत नाही.

धाकटा : आजार वाढलाय तिचा.

ताई : मलाही तेच वाटलं. डॉक्टरांना सांगून गोळ्या वाढवून घेणार होते मी. तुझी चंगळ झाली असती.

धाकटा : रंग देताना परांचीवरून पडलो, तेव्हा तूच म्हणालीस ना, डॉक्टर देतील ते घे आणि उभा राहा?

ताई : राहिलास ना उभा?

धाकटा : पाठ बरी झाली, ताई. मी नाही झालो. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि अंगाला कापरं भरायला लागलं. ब्रश धरवेना. आणि मी एकटा आहे का? रंगारी, प्लंबर, फरशीवाले, सगळे घेतात. जेवणाच्या सुट्टीत तंबाखूसारख्या हातावर ठेवतात.

ताई : येतात कुठून एवढ्या?

धाकटा : घरातूनच. कुणाच्या बापाच्या ऑपरेशनच्या उरलेल्या, कुणाच्या सासूच्या.

ताई : उरलेल्या. आपल्या आईच्या उरल्या होत्या का रे?

धाकटा : पहिल्यांदा एकच घेतली. बाटलीत कमी दिसू नये म्हणून कॅल्शियमची चघळायची गोळी टाकली. आईची शपथ, एकच.

ताई : आईची शपथ नको. तिला आधीच पुष्कळ झालंय.

आई : (आतून) काय कुजबुजताय गं? त्याला रागावू नकोस हं. उन्हातान्हात राबतो तो.

ताई : नाही गं आई. आलेच.

धाकटा : तिला कळलंय?

ताई : जा, विचार तिला. होत नाही ना हिंमत? मग खऱ्या गोळ्या काढ खिशातून.

धाकटा : या घे.

ताई : दुसऱ्या खिशातल्या?

धाकटा : ...घे.

ताई : गाडी बोलावलीय. आईला माझ्याकडे नेतेय. तूही चल. डॉक्टरांना तुझंही सांगू. यालाही इलाज असतो रे.

धाकटा : मला नको, काम अर्धवट पडलंय. आणि तिलाही नेऊ नकोस. तिला न्हाऊमाखू घातलंय मी, उचलून खुर्चीत बसवलंय. तेव्हा तू कुठे होतीस?

ताई : नव्हते. खरं आहे तुझं. ते मी विसरायची नाही.

धाकटा : तिच्यावाचून घर खायला उठेल गं मला.

ताई : मग रोज ये की. बहिणीचंच घर आहे. तिच्याजवळ बस, दोन घास खा, मग जा.

धाकटा : येईन. रोज येईन. ताई...

ताई : बोल.

धाकटा : तिची औषधं तिथे कुठे ठेवणार आहेस?