एक ऊन कमी

अमूर्त चित्रांना समीक्षक मिळत नाही म्हणून रडता ना? मला तारापूरला मिळाली होती. सुकी मासळी विकणारी आमची मावशी.

मी शाळेतला चित्रकलेचा मास्तर. किनाऱ्याचं चित्र करत होतो. नुसत्या रंगांत समुद्र उतरेना, म्हणून कॅनव्हासवर डिंक फासला, वाळू टाकली आणि मावशीच्या अंगणातला अर्धवट वाळलेला जवळा वर पसरला. मग हौसेने तिलाच दाखवायला बोलावलं.

"समुद्र कुठं हाय यात?"

"दिसत नाही मावशी, जाणवतो."

तिने वाकून कॅनव्हास हुंगला. "चित्रातलं मला काय कळत नाय, मास्तर. पण या जवळ्याला एक ऊन कमी पडलंय."

"जास्त वाळला की त्याचा गुलाबी रंग जातो!"

"मंग रंग बघा नि वास सोसा."

मुंबईच्या प्रदर्शनात पहिल्या दिवशी एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "वा! किनारा अगदी नाकात शिरतो." तिसऱ्या दिवशी चित्र जिन्याखाली गेलं आणि चौथ्या दिवशी माझ्याबरोबर घरी आलं.

"आणा इकडं, दोन उन्हं देते," मावशी म्हणाली. माझी कलाकृती तिच्या अंगणात बोंबलांच्या शेजारी वाळत पडली.

तिथे मासळी घ्यायला आलेला जवळच्या सरावलीत राहणारा एक परप्रांतीय कामगार थबकला. "मौसी, ये पूरा कितने का?"

त्या चित्राचा भाव विचारणारा आजवरचा एकमेव माणूस! मी धावत पोचेपर्यंत मावशीने त्याला हळूच सांगून टाकलं होतं, "वो मत ले बेटा, खराब माल है."