गलासातलं पाणी आणि तुकाराम आण्णा

ऐका हो ऐका! समस्त ग्रामस्थांना, खालच्या वाडीतल्या मंडळींना आणि गावात आलेल्या पावण्यांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येते की, आज सकाळी तुकाराम आण्णांनी तलावाच्या बांधाखालचं गलासभर पाणी तपासलं आणि पिऊन टाकलं. तरी सर्वांनी निर्धास्त आपापल्या कामाला लागावं!

हसताय काय पावणं? ही घोषणा मी रोज करतो. दूध डेअरीवर कॅन पोचायच्या आत करतो, आणि ती ऐकल्याबिगर खालच्या वाडीतल्या बाया भाकरी थापत न्हाईत. का, ते सांगतो, पर आधी मी कोण ते ऐका.

मी दस्तगीर स्पीकरवाला. कोडोलीपास्नं थोडं आत आमचं गाव, दारात उभं ऱ्हायलं की जोतिबाचा डोंगर दिसतो. आमचे अब्बा यात्रेत हरवलेल्या माणसांची नावं पुकारायचे, त्यांच्या आवाजानं किती नवराबायका पुन्हा एकत्र आल्या, त्यातल्या काहींनी नंतर अब्बांना शिव्या बी दिल्या. अब्बा गेलं आणि भोंगा माझ्या गळ्यात आला. लग्न, उरूस, गणपती, हरवलेली म्हस, सगळं माझ्या तोंडनं. काय सांगू तुम्हाला, आमच्यात माणूस गेला तरी मी पुकारल्याबिगर गेल्यागत वाटत न्हाय.

तर गावाच्या वरल्या अंगाला तलाव हाय. लहानसाच, मातीच्या बांधाचा, आणि बांधाच्या बरोबर खाली ती वाडी. आण्णा त्याचे चौकीदार. बोलणं कमी, चालणं लय. रोज सकाळी बांधाच्या ह्या टोकापास्नं त्या टोकापतोर चालायचं, उंदरा-घुशीचं बीळ दिसलं की बुजवायचं, मग खाली पायथ्याला उतरायचं. तिथं एक झिरा हाय, बांधातनं थोडं पाणी पाझरतं. त्याखाली चहाचा काचेचा गलास धरायचा, भरला की उन्हाकडं उचलायचा, एक डोळा झाकून बघायचं, आणि पिऊन टाकायचं. झालं. सारं गाव हसायचं. मी तर म्हणायचो, आण्णा, साखर बरोबर हाय का? आण्णा म्हणायचे, बरोबर हाय, तू जा.

आता बापूंचं सांगतो. बापू म्हणजे मोठे बागायतदार, ऊस उंच आणि आवाज त्याहून उंच. आण्णांच्याच वर्गातले. एका पावसाळ्यात बापूंच्या डोक्यात आलं, बांध बोडका दिसतोय, झाडं लावू. मी भोंग्यावर असलं काय पुकारलं म्हणता, आख्खं गाव रोपं घेऊन बांधावर. वड, पिंपळ, आंबा. फोटो निघालं, वडापाव झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर बांधावर एक रोप न्हाय! आण्णांनी सगळी मुळासकट उपटून शाळेच्या कुंपणाला नेऊन लावलेली, वर पाणी घातलेलं. बापू तापलं. तुक्या, तुला झाडाचा बी राग येतो व्हय रं? आण्णा म्हणालं, झाडाचा न्हाय, मुळाचा येतो. मूळ बांधात शिरतं, झाड मेलं की मूळ कुजतं, आणि त्या भोकातनं पाणी वाट काढतं. कोण ऐकतंय? बापूंनी तक्रार लिहिली, आणि खोटं कशाला बोलू, ती भोंग्यावर वाचली मीच. सूर लावून वाचली.

मग पावसाळा सरत आलेला, तलाव काठोकाठ, आणि एका सकाळी आण्णा माझ्या दारात. हातात गलास. मी म्हटलं, या आण्णा, चहा घेऊनच आलासा? ते म्हणालं, दस्तगीर, ह्यो चहा न्हाय, झिऱ्याचं पाणी हाय. पावणं, गलास तांबडा हुता. आण्णा म्हणालं, निवळ पाणी आलं तर बांध घाम गाळतोय, गढूळ आलं तर बांध आतनं खचतोय, माती वाहून चाललीया. पाटबंधारेच्या साहेबाला फोन केलाय, त्यो येईपतोर खालची वाडी शाळेत पोचीव. माझी बहीण खालच्या वाडीत, लेकराबाळांसकट. मी तसाच भोंग्याकडं धावलो. कसंबसं पुकारलं, गुरंढोरं सोडा, शाळेत चला, पळू नका पर थांबू बी नका.

तलाव हलका करायला आण्णा पाटाचं दार उघडायला निघालं तर दार उचलायच्या चाकापाशी बापू आडवं. पाणी सोडलंस तर उन्हाळ्यात उसाला काय पाजू, पाऊस संपला की! आण्णा म्हणालं, ऊस पुन्हा लावशील, वाडी कुठली लावशील? बापूंनी आण्णांच्या हातातल्या तांबड्या गलासाकडं बघितलं, आणि तुम्हाला खरं वाटणार न्हाय, चाकाला पयला हात त्यांनीच घातला.

खाली पोरांनी चिखलाच्या पाट्या आणलेल्या, झिरा लिंपायला. आण्णा एवढं वरडलं की माझा भोंगा लाजला. पाणी कोंडू नका रं, दुसरीकडनं फोडंल! पाणी जाऊ द्या, माती अडवा! मग झिऱ्याच्या तोंडावर आधी वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर दगड, बापूंच्या ट्रॅक्टरनं खेपा मारल्या. दुपारी साहेब आलं तवा झिऱ्याचं पाणी निवळत चाललेलं. पुढं दुरुस्तीला बांध उकरला तर आत काय घावलं? कवाच्या काळी तोडलेल्या बाभळीचं कुजलेलं मूळ. साहेबांनी ते बापूंच्या हातात दिलं. ते मूळ त्यांनी घरी न्हेलं, अजून त्यांच्या सोप्यात टांगलेलं हाय.

तवापास्नं माझी ती घोषणा चालू हाय. आण्णांनी पाणी पिलं की मला हात करायचा, मी पुकारायचं.

आता गेल्या रविवारी आण्णांचा सत्कार ठेवला, सेवानिवृत्तीचा, निवृत्ती कागदावरची. पहाटेपास्नं गडबड. बापूंनी आण्णांना घरातनंच उचललं, दाढी केली, फेटा बांधला, गाडीत घातलं, हलू दिलं न्हाय. मी बी मांडव, माईक, हार, पाच घोषणा केल्या. बापूंनी भाषण केलं, डोळं पुसलं, आणि आजकालची रीत म्हणून आण्णांच्या हातात रोप दिलं, आंब्याचं. सारा मांडव हसला. आण्णा रोप घेऊन उभं, मी माईक त्यांच्या तोंडाफुडं धरला, म्हटलं बोला आण्णा, गाव ऐकतंय. आण्णांनी गावाकडं बघितलं, मग वर उन्हाकडं बघितलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. भोंग्यातनं खालच्या वाडीपतोर आवाज गेला:

आरं बापू, पर आज गलास कुणी बघितला?