चाकाची राखण

लिवा बाई, लिवा, पर मी सांगते तेवढंच लिवा, पदरचं घालू नका, आन् शेवटाला मला वाचून दाखवा. माझं म्हायेर राहात्याकडं, पाटाच्या पान्याचं, आन् दिलं ते हितं पारनेरच्या माळावर, जिथं विहीर खनली तर आधी घाम लागतो, मंग पानी. बाप म्हनायचा, पोरी, लोक गोड बोलायला लागले की आपली गाठ तपासायची. ते मी आजवर पाळलं. देवाला नारळ फोडला तरी पुजाऱ्यानं अर्धा परत दिला का ते बघते.

भात्तर सालचा दुष्काळ हुता. विहीर आटली, मोट बंद. मालक बैलं घिऊन छावनीवर आन् मी खडी फोडायला. काय सांगू तुमाला, हाताला फोड आन् पोटाला सरकारी मिलो, ती लाल परदेशी जवारी. मुकादम म्हनला, पोरगी हाय ना तुझी, आन की कामावर, दोन हात वाढतील. मंगल माझी सातवीत हुती. मी म्हनलं, आनते सोमवारी.

त्याच्या आधी बुधवारी मंगल भीत भीत घरी आली, म्हनली, आई, नव्या गुरुजींना आपलं मोटंचं चाक पायजे, बल आन् गती शिकवायला, मी व्हय म्हनून आले. आता ते बाभळीचं चाक, ज्याच्यावरनं मोटंचा नाडा फिरतो, सासऱ्यानं सोता घडिवलेलं. हा गुरुजी संगमनेरकडचा मानूस, गावात येऊन चार म्हयने न्हाई झाले, आन् चाक मागतो? शिकवायला पुस्तक असतं, चाक कशाला? मला वाटलं, जळनाला इकल, न्हाईतर चाकाच्या निमतानं पोरीला शाळंत गुतवून ठिवल, कारन पट कमी झाला की गुरुजीची बदली व्हती म्हनं. दिलं, पर वळखीसाठी आतल्या अंगाला कोयत्यानं चीर पाडली, आन् तीन दिवस कामावर खाडा करून शाळंच्या खिडकीखाली राखन बसले. पोरं हसायची. मंगल रडकुंडीला आली, आई, जा गं घरी. म्हनलं, जाते की, चाक घिऊनच जाते.

गुरुजींनी चाक आढ्याला टांगलं, दोर घातला, धोंडा बांधला, म्हनले, ढकलनं न्हाईतर वढनं म्हंजे बल. मी मनात म्हनलं, ह्याला पगार देतंय व्हय सरकार, हे तर माझ्या बैलालाबी ठावं हाय. दुसऱ्या दिवशी आसाला तेल घालून फिरिवलं, घर्षन का काय ते. तेल कुनाच्या घरचं आनलं ते मी इचारून ठिवलं.

तिसऱ्या दिवशी, शनवारी, त्येनी इचारलं, मोट वढताना बैलं उतारानं का चालत्यात, आन् हाकनारा नाड्यावर का बसतो? माझी मंगल मान खाली घालून. आन् मला ठावं ना, हिला येतंय, सहा वर्साची असल्यापासनं ही नाड्यावर बसून उताराला जायची, पर माझ्या लाजंनं तोंड उघडंना. मला ऱ्हाववलं न्हाई. खिडकीतनं वरडले, अगं मंगले, सांग की, बूड झिजलं तुझं त्या नाड्यावर! सगळा वर्ग हसला. मंगलबी हसली, आन् उठली. म्हनली, गुरुजी, उताराला बैलाचं वजनबी वढू लागतं, आन् मी बसले की माझंबी, म्हनून भरली मोट वर येते. फळ्यावर बान काढून दावलं, कुनाचं बल कुनीकडं. गुरुजी म्हनले, हे मलाबी नीट ठावं नव्हतं, आज मंगलनं शिकिवलं. मी संशेखोर, मला आधी वाटलं, पटासाठी गोड बोलतोय. पर पोरीचं तोंड बघितलं. तसं तोंड तिचं मी कवाच बघितलं नव्हतं. लई रडू आलं मला, सोताची लाज वाटली.

सोमवारी मुकादम म्हनला, पोरगी कुटं? म्हनलं, शाळंत. मी एकटी फोडीन.

चाक परत आलं, चीर तपासली, मंगच घरात घेतलं. आता मंगल राहात्याला सातवीलाच शिकवती. हितं विहिरीवर मोटर हाय, चाक पडवीत पडून. मागल्या म्हयन्यात आली, म्हनली, आई, चाक दे, पोरांना दाविते. म्हनलं, ने बाई, देव तुला यश देवो. आन् दुसऱ्या दिवशी यष्टीनं जाऊन तिच्या वर्गाच्या खिडकीखाली बसले. ती म्हनली, आई, लेकीवरबी इस्वास न्हाई व्हय? म्हनलं, चाकाची राखन करतेय.

खरं सांगू? चाकाकडं एकदाबी बघितलं न्हाई. हे मातर लिवू नका. लिवलं व्हय? वाचा बघू.