भिंतीतून ऐकलेल्या तबकड्या

—छे, छे, बसा हो भाऊ, घड्याळजी दुकानातून येतीलच, तोवर चहा घ्या. त्यांचं दार बंद, म्हणून जिन्यात ताटकळत राहायचं का? शेजारी मी आहे ना! आणि लपवू नका, मला सगळं कळलंय. सकाळी खालची शिंपीणबाई दूधवाल्याला सांगत होती, ‘घड्याळजी गाण्याच्या तबकड्यांचं कपाट काढताहेत म्हणे, आणि तेही एका बाईपायी—’ आणि नेमकं तेव्हाच तिचं दूध उतू गेलं, ती आत पळाली. अर्धं वाक्य जिन्यात टाकून! दिवसभर माझा जीव टांगणीला. बाई! डोळ्याला भिंग लावून मान खाली घालून बसणारा माणूस — त्याला समोरची बाई दिसली कधी?

तर तुम्ही तबकड्या विकत घेणारे. नाही, मध्ये बोलू नका, पिशवीतली मोजपट्टी दिसली मला, कपाटासकट नेणार तुम्ही. न्या बापडे. फक्त घोगरीच्या तीन तेवढ्या सोडा. घोगरी म्हणजे ती गाणारी हो — खरं नाव मला ठाऊक नाही, भिंतीतून नाव येत नाही, आवाज येतो. कुठल्या तीन ते नंबर लावून सांगते. लहान तबकडी, एका बाजूला एकच गाणं — पुढे गाजलेलं, पाठीमागे बिचारं पोरकं. लोक पुढचं ऐकून उठून जातात. मी नंबर लावते ते पाठच्या बाजूवरून!

तिसरं शिंकेवालं. पुढची बाजू ठणठणीत, बसल्या जागी पाय हलवणारी. पाठीमागे संथ, आणि दुसऱ्या कडव्याआधी कुणीतरी शिंकतं. मी ती शिंक गाण्यातलीच धरून चालले होते — मीही बरोबर शिंकायचे! मग एकदा शिंक आलीच नाही. तेव्हा उजेड पडला, घड्याळजींची सर्दी ती! पण खरं सांगू? शिंकेशिवाय ते गाणं अळणीच लागतं. दुसरं जिन्यावालं — आवाज एकेक पायरी उतरत येतो आणि शेवटची पायरी चुकवतो, मुद्दाम! दर वेळी ती पायरी मीच इकडे पाय आपटून पुरी करते. शब्द? शब्द भिंत खाते. मीच घातलेत माझे, त्यात आमच्या नळाची तक्रारसुद्धा आहे, आणि चालीत बसते हो!

आणि पहिलं — त्याची पुढची बाजू म्हणजे भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखी. पण उलटा ना! आमचे हे गेले तेव्हा घरात माणसं होती तोवर ठीक होतं. मग सगळी आपापल्या घरी गेली, आणि मी भाजी चिरायला बसले — एकटीला किती लागते तेच कळेना. तेवढ्यात भिंतीतून ते पाठचं गाणं आलं. सुरी हातात तशीच. रडले नाही हो, मुळीच नाही, उलट दोन घास जास्तच जेवले! वाटलं, घड्याळजींना काहीतरी कळवावं. हाताशी लाटणं होतं, भिंतीवर केलं टक-टक. तेव्हापासून ठरूनच गेलं — पुढची बाजू दणदण लागली की मी लाटण्यानं टक-टक, म्हणजे ‘पुरे हे, उलटा आता’ — आणि ते उलटतात! लगेच! एक शब्द न बोलता! आमच्या ह्यांना दहा हाका मारल्या तरी ढिम्म, आणि हे परके, भिंतीआडचे— केस विंचरून बसते मी रोज संध्याकाळी. हो, भिंतीसमोर. हसा, हसा!

आता त्या नव्या बाईला काय कळणार पाठची बाजू? ती पुढचंच लाव म्हणेल. म्हणून म्हणते, त्या तीन सोडा— बरं, बोला आता. कोण आहे ती?

काय? सुतार? तुम्ही? — मग तबकड्या? — एकही विकत नाहीत? अगं बाई, मग बोलला का नाहीत! — मी बोलू दिलं नाही? बरं, बरं. मग कपाट? — नुसतं समोरच्या भिंतीला हलवायचं, वाजवायच्या यंत्रासकट. का पण? — ‘पलीकडच्या बिचाऱ्या बाईंना गाण्यांचा त्रास होतो’... ‘भिंत बडवतात’... बडवतात? — ‘म्हणून घाबरून मी लगेच पाठचं हळू गाणं लावतो.’ घाबरून! असं म्हणाले? इतकी वर्षं!

म्हणजे कपाट निघालं ते खरं. बाईपायी, तेही खरं. आणि ती बाई— ती तर मीच की हो!

जिन्यात पावलं वाजली. घड्याळजीच ते. उठा भाऊ, मोजपट्टी आत टाका, कपाट आहे तिथंच राहील. चहा राहू दे, निघा, निघा! — थांबा, माझे केस नीट आहेत ना पाठीमागून? — ते लाटणं द्या इकडे. नको, राहू दे तिथंच. आज दारावर हातानंच वाजवते.