पुरस्काराच्या नारळाचे वाटे

मले संशोधनाचा पुरस्कार भेटला, पण त्याचा नारळ काही घरी आला नाई. आयका. आमच्या तलावातल्या माशांचा अभ्यास मी केला तो आमच्या गावचे मासेमार भिवाभाऊ, त्यायच्या जाळ्याच्या भरवशावर, म्हणून धानोऱ्याच्या सत्कारात त्यायलेही मंचावर बसवलं. पुण्याच्या पाहुण्यांनी मले शाल अन् नारळ दिला. भाऊनं नारळ माह्या हातातून घेतला, टेबलाच्या कोनावर फोडला अन् खोबऱ्याचे वाटे पाडले. आमच्याकडे जो जाळं ओढाले पाण्यात उतरला, त्याले सारखा वाटा. एक तुकडा मले, एक सोताले, दोन समोर बसलेल्या साथीदारायले.

पाहुण्यांनी हसत हात पुढं केला.

भाऊ म्हणाले, "पाण्यात कवा उतरले जी तुम्ही?"

मले शालीतच घाम फुटला.

"नाही उतरलो," पाहुणे म्हणाले.

"मंग उद्या सकाळी या जाळं ओढाले."

अन् खरंच आले! पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, तरी कमरेपर्यंत भिजले, पण जाळं सोडलं नाई. काठावर भाऊनं दोन चांगले मासे त्यायच्या पुढं ठेवले.

पाहुणे म्हणाले, "मासे राहू द्या भाऊ, आधी कालचं खोबरं द्या!"

भाऊनं खांद्यावरच्या दुपट्ट्याची गाठ सोडली. पाहुण्याचा वाटा कालच बांधून ठेवला होता.