शांततेचं भाडं

वहिनी : परत तेच आलं, भाऊजी. ‘सर्व जागा भरल्या आहेत, कृपया थांबा.’ स्क्रीनचा फोटो काढून पाठवलाय तिने.

धाकटा : कोणी?

वहिनी : त्या शिवणकाम करणाऱ्या बाईने. पोराला ऑपरेशनला आत घ्यायचंय. मागच्या खेपेला भूल दिल्यावर त्याचा श्वास अडकला होता, हे तिने लिहून दाखवलं. त्यावर डॉक्टर भराभर काहीतरी विचारतायत आणि हिच्या फोनवर एक अक्षर उमटत नाही.

धाकटा : त्यांनाच लिहून द्यायला सांगा म्हणावं.

वहिनी : सांगितलं. नर्सने लिहून दिलं, ‘काळजी करू नका.’ झालं. मी हॉस्पिटलला फोन लावला तर तिथली मुलगी थांबा म्हणाली, आणि मघापासून मी बासरी ऐकतेय. बहिऱ्यांसाठी बोललेलं लिहून दाखवणारं ॲप काढलं आपण, आणि ऐनवेळी तेच बहिरं.

धाकटा : ॲपला काही झालेलं नाही. जागा नाही.

वहिनी : मग वाढवा जागा. कालपर्यंत कितीही माणसं आली तरी पुरत होतं. ‘क्लाउड आहे वहिनी, आभाळाला कुठे कुंपण असतं,’ हे तुमचेच शब्द.

धाकटा : आज सकाळी कुंपण घातलं त्यांनी. मागच्या महिन्याचं बिल अर्धंच भरलं ना आपण? बाकी भरेपर्यंत एका वेळी चाळीस कंटेनर. एकेचाळिसावा मिळणार नाही. मी बोललो त्यांच्याशी. माणूस गोड बोलला, ताकीद आधीच पाठवली होती म्हणाला, पण तसूभर हलला नाही.

वहिनी : आणि हे मला आत्ता कळतंय.

धाकटा : दादा मीटिंगला निघाला होता. म्हटलं त्याच्या डोक्याला घोर नको.

वहिनी : त्यांच्या डोक्याला नको म्हणून माझ्याही कानावर नाही. बरं, ते राहू दे. भरदुपारी चाळीस माणसं बोलतायत? एरवी या वेळेला आठ-दहा असतात.

धाकटा : बोलत नाहीयेत. हे बघा. हिरवे ठिपके आहेत तिथे आवाज आहे. करडे नुसते उघडे आहेत.

वहिनी : करडेच जास्त दिसतायत.

धाकटा : म्हणून तर बिल फुगलं.

वहिनी : ते कसं काय? जेवढा वापर तेवढेच पैसे, म्हणून आपण हे घेतलं. सर्व्हर विकत घेतला तर पांढरा हत्ती पोसावा लागेल, असं तुमच्या दादांना पटवून तुम्हीच दिलंत.

धाकटा : चुकीचं नव्हतं ते. कंटेनर म्हणजे भाड्याने घेतलेला छोटा कॉम्प्युटर समजा, आपला ऐकून लिहिणारा प्रोग्राम आत भरलेला. कोणी ॲप उघडलं की त्याच्यापुरता एक जागा होतो, बंद केलं की मिटतो. कोणीच नसेल तर एकही नाही, भाडंही नाही. पण जितके सेकंद तो जागा, तितक्या सेकंदांचं भाडं. आणि ते बोललेल्या शब्दांवर नसतं, अडवून ठेवलेल्या मेमरीवर नि प्रोसेसरवर असतं. टॅक्सी दारात थांबवून तुम्ही आत जेवायला बसलात तरी मीटर पडतोच ना?

वहिनी : म्हणजे कोणी अवाक्षर काढलं नाही तरी आपण भरायचं.

धाकटा : भरायचं. शांततेलाही भाडं आहे.

वहिनी : आणि एका डब्यात दोघंचौघं नाही बसवता येत?

धाकटा : ऐकून लिहायचं काम जड आहे. दुसरा बसवला की दोघांचेही शब्द मागे पडतात. डॉक्टरचं वाक्य डॉक्टर निघून गेल्यावर उमटून काय उपयोग?

वहिनी : मग करडे बंद करा. लगेच. तिचा परत मेसेज आलाय, स्ट्रेचर आणलं म्हणते.

धाकटा : कुठला करू? हा पहिला सकाळपासून उघडा आहे. ओळखताय?

वहिनी : नळदुरुस्तीवाले काका. थांबा, त्यांना विचारते. निदान ते लगेच उत्तर देतात.

धाकटा : घाई करा.

वहिनी : आलं उत्तर. ‘बंद करू नका ताई. मी खालच्या मजल्यावर पाइप जोडतोय. ॲपवाला फोन तिच्या उशाशी आहे.’ त्यांच्या बायकोला अर्धांगवायू झालाय, भाऊजी. तिने हाक मारली की उशाचा फोन ऐकतो आणि यांच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. मला एकदा सगळं सविस्तर लिहिलं होतं त्यांनी. युक्ती कशी सुचली, ग्रुपवर कशी टाकली, आणि मग लेकुरवाळ्या बायकांनी कशी उचलली.

धाकटा : लेकुरवाळ्या म्हणजे?

वहिनी : ज्यांना ऐकू येत नाही अशा आया. फोन पाळण्याला बांधतात. पोर रडलं की दुसरा फोन आईच्या उशीखाली हलतो. त्यातल्या निम्म्या तरी आत्ता झोपल्या असतील. रात्रभर जागून दुपारी कुठे डोळा लागतो.

धाकटा : डॉक्टरकडे, बँकेत, शाळेत दहा-पंधरा मिनिटं लागेल म्हणून बनवलं आपण हे. पाळण्याला बांधायला नाही.

वहिनी : कान काय पंधरा मिनिटांपुरते लागतात माणसाला?

धाकटा : मी वाद घालत नाहीये, वहिनी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय. सगळ्यांना मेसेज टाका, गरज नसेल त्यांनी बंद करा म्हणून.

वहिनी : मघाच टाकला. झोपलेली बाई वाचणार कशी? आणि न विचारता तोडलं आणि नेमकं त्याच वेळी पोर रडलं, तर?

धाकटा : मग हिरव्यातला एक.

वहिनी : हिरव्यांचं काय चाललंय ते कळतं आपल्याला?

धाकटा : नाही. आवाज आहे एवढंच दिसतं. शब्द आपण बघत नाही, तशी हमीच दिलीय. कोणी न्यायालयात उभं असेल, कोणी नोकरीच्या मुलाखतीत. कोणी नुसतं गप्पाही मारत असेल.

वहिनी : कोण कशासाठी बोलतंय हे नक्की माहीत आहे असं एकच कनेक्शन आहे यात.

धाकटा : नाही.

वहिनी : हिरव्यांतलं सर्वांत वरचं. सव्वा तास चालू असलेलं.

धाकटा : वहिनी, नाही. त्या रुग्णालयांच्या संस्थेपुढे हे ॲप मांडायला दादाने वर्षभर चपला झिजवल्यात. आत्ता अध्यक्ष बोलत असतील आणि दादाच्या पुढ्यातला फोन कोरा होईल. तेसुद्धा कधीच दगा देत नाही असं सांगून झाल्यावर. ही मीटिंग फसली तर थकलेलं बिल कुठून भरणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चाळीसचे शून्य होतील. नळवाले काका, पाळणे, सगळेच.

वहिनी : कळतंय मला.

धाकटा : त्याला आजारातून उठल्यावर ऐकू येईना, म्हणून हे बनवायला घेतलं आपण. त्याचंच तोडायचं?

वहिनी : त्यांचंच. दुसऱ्या कोणाचं तोडायचा मला काय हक्क? तिचा मेसेज वाचते, ऐका. ‘ते सही मागतायत. कशावर ते कळत नाही. करू का?’ काय उत्तर देऊ? तुम्ही सांगा.

धाकटा : माझ्याच्याने नाही होणार.

वहिनी : मग खुर्ची सोडा आणि कुठे दाबायचं ते दाखवा.

धाकटा : तसं तोडलं तर जागा दुसराच कोणी पटकावेल. ती तिथे एका हाताने पोराला धरून उभी. थांबा. तिला रांगेत पुढे घेऊ द्या. घेतलं. आता ते लाल बटण. एकदा विचारेल, नक्की का म्हणून.

वहिनी : विचारलं.

धाकटा : अजून वेळ आहे, वहिनी.

वहिनी : नाही, वेळच नाहीये. दाबलं.

धाकटा : नवा कंटेनर जागा व्हायला थोडे सेकंद लागतात. होतोय. होतोय अजून. झाला. तीच आहे.

वहिनी : हिरवा झाला?

धाकटा : हिरवा. डॉक्टर बोलतायत.

वहिनी : पाणी द्या जरा. तिला लिहिते, डॉक्टर काय म्हणतात ते वाच, मगच सही कर.

(संध्याकाळ. त्याच खोलीत दादा येऊन बसला आहे. त्याच्यापुढे धाकट्याचा स्क्रीन फिरवून ठेवला आहे. दादाचं ॲप अजून बंद आहे, म्हणून धाकटा जे बोलतो ते टाइपही करतो.)

दादा : कोणी तोडलं? तू की यंत्राने?

धाकटा : वहिनींनी तोडलं. मी रांग लावून दिली. आधी तुझं सांग.

दादा : अध्यक्ष म्हणत होते, ‘आमची अट एवढीच की’, आणि तिथेच थांबलं. पुढे कोरं. त्यांचं तोंड हलतंय, टेबलावरची सगळी मंडळी माझ्याकडे बघतायत. मला वाटलं मी पुन्हा त्या आजाराच्या खाटेवर आहे. मी फोन त्यांच्यासमोर सरकवला आणि म्हटलं, बंद पडलं. दुसरं काही सुचलंच नाही.

धाकटा : मग?

दादा : त्यांच्या परिचारिकांच्या प्रमुख बाई उठून माझ्याशेजारी येऊन बसल्या. जो जे बोलेल ते लिहायला लागल्या. एकेकाला थांबवत होत्या. पाच मिनिटांचं बोलणं तासभर चाललं. अध्यक्ष वैतागले. भर मीटिंगमध्ये मान टाकणाऱ्या वस्तूला आम्ही पूर्ण दर का द्यायचा, म्हणाले. दर पाडून घेतला. बराच पाडला.

धाकटा : पण घेणार आहेत?

दादा : घेणार आहेत. त्यांच्या रुग्णालयांत जेवढा वापर होईल तेवढा ते भरतील. लोकांच्या घरातला नाही, तो आपण निस्तरायचा. आगाऊ रक्कम पुढच्या आठवड्यात, समितीच्या सह्या झाल्यावर. त्यातून थकबाकी जेमतेम फिटेल. (वहिनीकडे वळून) आता तू सांग मला. तू तोडलंस? तुला माहीत होतं मी कुठे बसलोय.

वहिनी : माहीत होतं म्हणूनच. भाऊजी, टाइप करा. म्हणावं, एका आईला पोराच्या भुलेबद्दल डॉक्टर विचारत होते आणि जागा नव्हती. बाकी कोण कुठे आहे ते आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही सुखरूप खुर्चीवर आहात एवढं माहीत होतं.

दादा : पोरगा?

धाकटा : शुद्धीवर आलाय. डॉक्टरांनी भुलेचं औषध बदललं. मघाशी त्याचा फोटो पाठवलाय तिने.

दादा : दाखव. दात पडलेत की पुढचे. दरावरून मी वाटभर चिडत आलो. अजूनही चिडलोय, ते जाणार नाही एवढ्यात. पण तुझ्या जागी असतो तर मला जमलं असतं का, ठाऊक नाही.

वहिनी : त्यांना म्हणावं, मलाही सहज जमलं नाही.

धाकटा : दादा, पाळण्यांचं मी बघतो. आवाज झाला का, एवढं फोनने स्वतःच ऐकायचं. त्याला भाडं नाही. आवाज झाला तरच कंटेनरला उठवायचं. चार-सहा सेकंद उशीर होईल, पण रडणाऱ्या पोराला आणि काकांच्या बायकोला तेवढा चालेल. डॉक्टरांपुढे नाही चालणार, तिथलं आहे तसंच ठेवू. मला चार दिवस दे.

दादा : आणि तोवर चाळीसच?

धाकटा : चाळीसच. पैसे जमा झाल्याखेरीज वाढणार नाहीत.

दादा : मग माझं बंद ठेव. घरी आणि इथे मला नको. एखाद्या पाळण्याला जागा होईल.

धाकटा : आणि आम्ही बोलायचं कसं तुझ्याशी?

दादा : किती टाइप करशील, हात दुखले तुझे. घरातले तीन-चार शब्द कळले नाहीत तर काय बिघडतंय? जा तू, काम कर. आणि तू काय पुटपुटतेयस मघापासून? मला काही कळत नाहीये.

वहिनी : इकडे बघा. माझ्या ओठांकडे. मी सावकाश बोलते.