तर्रीचा उत्तर ध्रुव

…नाही नाही, तुम्ही बसा ना, पण त्या चुन्याच्या रेघेवर नोका बसू! इकडे बसा नाही तर तिकडे बसा, रेघेवर बसलं का करार मोडते म्हणे. आता कायचा करार म्हणता… अरे बाप्पा, तुम्ही नवीन दिसता म्हणून इचारून राहिले, जुनं गिऱ्हाईक तर रेघ पाहूनच प्लेट हातात घेऊन उभं राहते! सांगतो, सारं सांगतो, तोवर पोह्यावर लिंबू पिळा, चण्याची तर्री अजून पाहिजे असली तर हात वर करा. फक्त एक मेहरबानी करा. तेल कुठून येते, हे मले इचारू नोका.

तुम्हाले सांगतो, मागच्या महिन्यातल्या एका बुधवारची गोष्ट. सकाळची सात-साडेसातची वेळ, ठेल्यावर ही गर्दी, माया, म्हणजे आमची घरवाली, तर्रीच्या गंजापाशी, म्हणजे त्या मोठ्या पातेल्यापाशी, अन् मी तेलाचा पिपा उपडा करून राहिलो तर त्यातून थेंब निघते… थांबते… मंग अजून एक थेंब निघते. सोमवारीच उघडला होता हो! तर माझ्या तोंडून निघून गेलं का एवढं तेल येते कुठून अन् जाते कुठं, काही समजतच नाही बाप्पा. आता मले सांगा, हा काय सवाल आहे? हे तर रडगाणं आहे! घरोघरचा माणूस रोज गाते ते! पण माझं नशीब पाहा, बाकड्यावर कोण बसलं होतं? धम्मानंद सर!

सर म्हणजे एकतीस वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलेला माणूस. रस्त्यावरची गिट्टी उचलून तिची जन्मतारीख सांगतात. अन् त्यायच्या बाजूले कोण? रुपरावभाऊ, बोअरवेलवाले, कुहीपासून कन्हानपर्यंत चाळीस वर्षं जमिनीले भोकं पाडली त्या माणसानं. दोघं बावीस वर्षांपासून याच बाकड्यावर, याच वेळेले. सर कांदा खात नाहीत, तो रुपरावभाऊच्या प्लेटीत जाते. रुपरावभाऊले शेव दाताखाली टोचते, ती सरांच्या प्लेटीत जाते. बावीस वर्षांत कोणी कोणाले "घे" म्हटलं नाही का "दे" म्हटलं नाही.

तर सरांनी चमचा खाली ठेवला, चष्मा वर केला, अन् म्हणाले, "लहानू, फार मूलगामी प्रश्न विचारलास." मूलगामी म्हणजे काय ते मले अजून समजलं नाही, पण सर तसं म्हणाले का पाऊण तास गेला समजा. मंग निघाली गोष्ट… कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र, त्यात सूक्ष्म जीव, ते मेले, तळाशी बसले, वरून गाळ, गाळावर गाळ, खालून उष्णता, वरून वजन, अन् शिजता शिजता त्यायचं झालं तेल, त्याचंच तुमचं पेट्रोल अन् डिझेल. मी "हाव सर, हाव सर" करून राहिलो, प्लेटी धुऊन राहिलो. अन् पाहतो तर रुपरावभाऊचा चमचा तोंडापाशी थांबलेला!

आता रुपरावभाऊ कसे माणूस, ते सांगतो. शुद्ध शाकाहारी! ज्या दुकानात अंडे टांगलेले असतात तिथून ते माचिससुद्धा घेत नाहीत. त्यायनं हळूच इचारलं, म्हणजे सर, ज्याच्यावर माझी बोअरची गाडी चालली ते डिझेल मेलेल्या जिवांचं असते का? सर म्हणाले, शंभर टक्के. तेवढ्यात मध्ये कोण बोलावं? देवकीताई! पोस्टात आहेत, रोज इथं स्कूटी थांबवून चहा घेतात, गुरुवारचा कडक उपास असते त्यायचा. त्यायनं इचारलं, "मंग सर, उद्या गुरुवार आहे… स्कूटी चालवली तर उपास मोडते का?" सारा ठेला हसला हो! मी हसलो, माया हसली, सर तर ठसका लागेपर्यंत हसले. एक रुपरावभाऊ तेवढे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आले ते मोबाइल समोर धरूनच आले. म्हणे, हे पाहा सर, रशियातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी सांगितलं होतं का तेल धरतीच्या पोटात आपोआप तयार होते, कोणी मरायची गरजच नाही, खोलातून झिरपत झिरपत वर येते. सर म्हणाले का तो वाद केव्हाचा निकालात निघाला, तेलात जिवांच्या खुणा सापडतात. रुपरावभाऊ म्हणे, जमिनीले भोकं कोणी पाडली, मी का तुम्ही? सर म्हणे, तुझी भोकं पाण्यापर्यंत गेली, तेलापर्यंत नाही. हे म्हणे पोटातून, ते म्हणे गाळातून, अन् दोघं माझ्याकडे पाहून म्हणे, "लहानू, तू सांग!" मी काय सांगू? मले तर कळमन्याच्या बाजारातून चणे येते एवढं माहीत आहे. चणे इचारा, सांगतो. तेल कुठून येते, हे मले इचारू नोका!

शुक्रवारी सरांनी विचार केला का विषय बदलावा. चांगला विचार केला. पण बदलून गेले कुठं? उत्तर ध्रुवावर! म्हणाले, अरे, तेल कसं झालं ते राहू दे, आता जगात भांडण कशावर चाललं आहे ते ऐक. उत्तरेचा बर्फ वितळून राहिला, त्याच्याखाली तेल, गॅस, अन् साऱ्या देशांची नजर तिथं. एका देशानं तर पाणबुडी पाठवून समुद्राच्या तळाशी आपला झेंडा रोवून दिला! दुसरे म्हणतात, आमच्या जमिनीची कड समुद्राखालून तिथवर गेली आहे, तर ते आमचं. मी म्हटलं, वा, भांडण विरघळलं, आता दोघं मिळून त्या देशांले शिव्या देतील. कायचं काय हो! रुपरावभाऊ उठले, बाजूच्या पानठेल्यावरून बोटभर चुना आणला, अन् बाकड्याच्या मधोमध ही रेघ ओढली. म्हणे, बाकडं दक्षिणोत्तर आहे. मी उत्तरेच्या टोकाले बसतो. तर्रीचा गंज माझ्या टोकाले. म्हणजे तर्री माझी.

सर म्हणाले, असं कसं, माझ्या बुडाखालची फळी थेट ठेल्याखाली गेली आहे, म्हणजे तिथवर माझीच जमीन. आता फळी तर एकच होती हो, दोघांच्याही बुडाखालची! पण हे सांगाले कोणाची हिंमत? अन् मंग रुपरावभाऊनं टोला हाणला. म्हणे, सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, दक्षिण ध्रुवावर साऱ्या देशांचा करार आहे, तिथं कोणाले खोदता येत नाही म्हणून? तुम्ही दक्षिणेले बसले. तुमच्या प्लेटीत तर्री येऊच शकत नाही, करार आहे. ते खरंच होतं अन् सरांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी सरांनी कोरे पोहे खाल्ले.

शनिवारी तर हद्दच झाली. मायानं गंजात पळी घातली, सरांसाठी, गुपचूप, कराराच्या बाहेर… अन् पळीत काय आलं? आलूची फोड, फोडीत दात कोरायची काडी, अन् काडीले कागदाचा चिटोरा! झेंडा हो, झेंडा! रुपरावभाऊनं गंजाच्या तळाशी झेंडा रोवला होता! तो पडला टप्पकन सरांच्या प्लेटीत. माया लालबुंद. तिच्या गंजात मीसुद्धा तिले न इचारता हात घालत नाही. पण तिच्याआधी सरच बोलले, अन् तेही हळूच बोलले. "झेंडा लावून काही बदलत नाही, रुपराव. चाळीस वर्षं तू मेलेले जीवच जाळलेस." रुपरावभाऊनं भरलेली प्लेट खाली ठेवली, चपला घातल्या अन् गेले.

रविवारी आले नाहीत. सोमवारी आले नाहीत. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. सर येत, रेघेच्या अलीकडे बसत, पलीकडे कोणीच नसे. प्लेटीच्या कडेले कांद्याचा ढीग साचे, तो कोण खाईल? प्लेट धुताना तो कांदा मी फेकत होतो तर मले असं वाईट वाटे, काय सांगू तुम्हाले. मले तर करमेच ना हो! बावीस वर्षांचं बाकडं, अन् माझ्या एका पिप्यापायी मोडलं. माया म्हणाली, तोंड तुम्हीच उघडलं होतं, आता तुम्हीच जा.

गेलो बुधवारीच, संध्याकाळी. रुपरावभाऊ अंगणात बसलेले, बाजूले ती जुनी बोअरची गाडी, अन् हातात घरचे पोहे, कोरे. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "लहानू, मी मुंगीसुद्धा पायाखाली येऊ देली नाही गा. लोकायच्या दारात पाणी आणून देलं. अन् आता म्हातारपणी समजते का ते सारं मेलेल्या जिवांवर चालत होतं." आता सांगा, यावर हसता येते का? त्यायले सरांचा राग नव्हताच आला. त्यायले भेव वाटून राहिलं होतं, का सर म्हणतात ते खरं असलं तर आपलं चाळीस वर्षांचं पुण्य गेलं कुठं. मी एवढंच म्हटलं का मायानं बोलावलं. मायाले नाही म्हणणारा माणूस आमच्या गल्लीत अजून राहाले आला नाही.

गुरुवारी सकाळी दोघं दोन टोकांले, तोंडं दोन दिशांले. मायानं दोघांले उठवून गंजापाशी उभं केलं. म्हणाली, तेल कुठून येते पाहाचं आहे ना, मंग पाहा. कांदा, मसाला, तेल, सारं आत गेलं होतं, वरून तेलाचा थेंब दिसेना. गॅस बारीक केला. म्हणाली, थांबा. सर थांबले. रुपरावभाऊ थांबले. अख्खा ठेला प्लेटी घेऊन थांबला, माझ्या धंद्याची वाट लागून राहिली, पण मीही थांबलो. अन् पाच-सात मिनिटांनी गंजाच्या कडेले लालभडक चकाकलं… माया म्हणाली, हे पाहा, तेल सुटलं.

सर पुटपुटले, उष्णता अन् काळ. रुपरावभाऊ पुटपुटले, खालूनच वर आलं ना. दोघंही गंजाकडे पाहून पुटपुटले, एकमेकांकडे नाही! मंग मायानं पळी फिरवता फिरवता इचारलं, "सर, ते तुमचे जीव म्हणजे कोण होते हो? मासोळ्या होत्या का?"

सर म्हणाले, "छे छे, मासोळ्या कुठल्या! बहुतेक तर शेवाळ. पाण्यावर तरंगणारं, डोळ्यांना न दिसणारं हिरवं शेवाळ."

तर्री रटरट करून राहिली.

"शेवाळ?" रुपरावभाऊ म्हणाले. "म्हणजे भाजी?"

"भाजीच म्हण."

"मंग हे पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं गा?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू येऊनच नाही राहिला ना गा. सांगू कोणाले?"

तुम्हाले सांगतो, एकतीस वर्षं ज्या माणसानं छापील मराठीत शिकवलं, त्याच्या तोंडून "कोणाले" निघालं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अन् मी कांद्यावर ढकललं. रुपरावभाऊ सीधे बाकड्यावर जाऊन बसले अन् हातानं जागा झटकली, रेघेच्या बिलकुल बाजूची. सर बसले. अन् तेवढ्यात रुपरावभाऊची पुन्हा शंका… "सर, बहुतेक म्हणजे?" झालं! सर पडले मास्तर, खोटं कसं बोलतील? त्यायनं तोंड उघडलं, "म्हणजे त्यात थोडेफार बारीक किड…" अन् मायानं भरलेली पळी त्यायच्या प्लेटीत अशी ओतली का बाकीचा शब्द तर्रीतच बुडाला. म्हणाली, खा सर, थंड होते.

मागून देवकीताईचा आवाज आला. गुरुवार होता, म्हणून स्कूटी घरी ठेवून दोन किलोमीटर पायी आल्या होत्या बिचाऱ्या! म्हणे, "म्हणजे मी उगाच पायी आली?" अन् या खेपेले सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? रुपरावभाऊ!

मंग करार झाला, का रेघ राहील, पण तर्री साऱ्यांची. कांदा रेघेवरून उत्तरेले गेला, शेव दक्षिणेले गेली, अन् दोघांनी चार दिवसांची कसर अशी काढली का सारा गंज पुसून खाल्ला, वर पावानं तळ कोरला, जिथं झेंडा होता तिथला! मी सकाळपासून उपाशी, प्लेट घेऊन गेलो तर गंज लख्ख. ज्याचा ठेला, त्याच्याच वाट्याले कोरे पोहे. मीच दक्षिण ध्रुव!

बरं, खाल्ले कोरे. म्हटलं जाऊ दे, बाकडं तर भरलं ना. पहिला घास तोंडात टाकतो, तर माया रिकामा पिपा वाजवून, साऱ्या ठेल्याले ऐकू जाईल असं म्हणते, "अवो, तेल संपलं… आता तेल कुठून आणाल?"

अन् बाकड्यावरची दोन्ही डोकी एकाच वेळी वर झाली. सरांनी चमचा खाली ठेवला. रुपरावभाऊनं मोबाइल काढला.

मी म्हटलं, दुकानातून! किराण्याच्या दुकानातून आणतो! अन् हातचे पोहे तसेच टाकून, पिपा घेऊन जो सुटलो… तेव्हापासून आमच्याकडे तर्रीले तेल सुटलं का सगळ्यात आधी मी सुटतो.